पाखरू उभ्या माणसाले भेते

मी सात-आठ वर्षांचा असेन. पूस महिन्यातली सकाळ, अर्जुनी मोरगाव तालुक्यातला आमचा तलाव आणि पाण्यावर धुकं. तलावात जाळी टाकणाऱ्या एका ढिवर काकांनी त्या दिवशी मला पहिल्यांदा डोंग्यात, म्हणजे लाकूड कोरून केलेल्या होडीत, घेतलं. मधल्या कमळांत अडई बदकांचा थवा बसला होता. तो दिसताच मी हरखून उभा राहिलो, डोंगा डुगडुगला आणि सगळा थवा शीळ घालत उठला. काका रागावले नाहीत. म्हणाले, "खाली बस बाबू. पाखरू डोंग्याले नाई भेत, उभ्या मानसाले भेते."

हे वाक्य माझ्या डोक्यात तीसेक वर्षं नुसतं पडून होतं. त्याचा अर्थ गेल्या हिवाळ्यात कळला, तोही घरापासून हजार किलोमीटरच्या वर, सिंधुदुर्गात देवबागजवळ कर्ली नदीच्या खाडीत. गावातली आम्ही चौघं तिथे कयाक आणि पॅडलबोर्डवरून खाडीतले जीव पाहायला गेलो होतो. कयाक म्हणजे एक-दोन माणसं बसतील अशी निमुळती होडी, दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने चालणारी. पॅडलबोर्ड म्हणजे रुंद, तरंगती फळी. तिच्यावर उभं राहून लांब वल्ह्याने पाणी मागे सारायचं. दोन्हींना इंजिन नाही आणि दोन्ही वीतभर पाण्यातही चालतात. या दोन गोष्टींत डोंगा त्यांचा सख्खा भाऊच म्हणायचा.

आमच्या तलावाचं पाणी दिवाळीनंतर उतरू लागतं ते थेट पुढच्या पावसापर्यंत. खाडीचं पाणी मात्र दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं आणि रोज साधारण 50 मिनिटं उशिरा. आमच्या वाटाड्याने निघायची वेळ काढली ती तिथीवरून. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा तेवढाच उशिरा माथ्यावर येतो, म्हणून हे गणित ढोबळमानाने जमतं. पंचांग आमच्याही भिंतीवर असतं, पण आम्ही त्यात चतुर्थी नि एकादशी पाहतो. त्याच पानावर समुद्राचं वेळापत्रक आहे, हे मला तिथे कळलं.

ओहोटी संपून पाणी चढू लागलं तेव्हा आम्ही निघालो. या वेळी चिखलाचे काठ अजून उघडे असतात आणि आत येणारं पाणी होडीला आपसूक कांदळवनात नेतं. वल्हं जवळजवळ मारावंच लागत नाही. चिप्पी नावाच्या कांदळाची श्वासमुळं चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली होती. त्यांच्यामधून निवटी नावाचे छोटे मासे पाण्याबाहेर उड्या मारत फिरत होते. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून आणि ओल्या कातडीतून प्राणवायू घेऊन हा मासा जमिनीवर तग धरतो. त्यांच्याकडे मी तासभर पाहत बसलो असतो, पण वाटाड्याने पुढच्या काठाकडे बोट केलं.

तिथे शेकडो फिडलर खेकडे होते. अंगठ्याच्या नखाएवढं अंग, आणि नराची एक नांगी जवळजवळ त्या अंगाएवढी. ती वर-खाली हलवून तो मादीला बोलावतो. आम्ही जवळ सरकलो तसे काठालगतचे खेकडे बिळांत गेले. वाटाड्याने खूण केली, आम्ही वल्ही मांडीवर आडवी ठेवली आणि गप्प बसलो. दोनेक मिनिटांत एकेक खेकडा पुन्हा वर आला आणि चिखल चाळून खाऊ लागला. आम्ही पाच-सहा हातांवर होतो. मग वाटाड्याने आपलं वल्हं आवाज न करता हळूहळू डोक्यावर उभं केलं, आणि क्षणात सगळा काठ रिकामा झाला. चिखलावर नुसती भोकं उरली.

या खेकड्याचे डोळे देठांवर असतात आणि ते तो ताठ उभे धरतो. सपाट चिखलावर राहणाऱ्याला जगाची वाटणी सोपी आहे. क्षितिजाच्या रेषेखाली जे हलतं ते आपल्यासारखे खेकडे. रेषेच्या वर डोकं काढतं ते बहुधा पक्षी, म्हणजे मरण. शास्त्रज्ञांनी प्रयोग करून पाहिलं तेव्हाही हेच दिसलं: एखादी वस्तू रेषेखालून सरकवली तर खेकडा फारसा बिचकत नाही, तीच रेषेच्या वर हलवली की पळतो. आम्ही बसलो होतो तेही त्याच्या रेषेच्या वरच होतो, पण आम्ही हलत नव्हतो. आभाळाकडे वाढत गेलेलं वल्हं हलत होतं. त्याच क्षणी मला काकांचं वाक्य आठवलं.

माणूस उभा राहिला की बदल दोन्ही बाजूंनी होतो. कयाकमध्ये बसलेल्याचे डोळे पाण्यापासून साधारण 80 सेंटिमीटर उंच असतात, पॅडलबोर्डवर उभ्या माणसाचे 1.6 मीटरच्या आसपास. तीन मीटर पलीकडे पाण्यात काय आहे हे बघायचं असेल, तर बसलेल्याची नजर पाण्यावर फार तिरपी पडते. त्या कोनात शांत पाणीसुद्धा आभाळाचा सुमारे एकपंचमांश उजेड त्याच्या डोळ्यांवर परत फेकतं. उभ्या माणसाला हाच परावर्तित उजेड सातेक टक्केच मिळतो. म्हणून फळीवरून पाण्यातलं कासव, माशांचा थवा, तळाचे खडक स्वच्छ दिसतात आणि कयाकमधून त्याच जागी नुसती चकाकी दिसते.

पण पाण्यातल्या माशाला काय दिसतं? प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे बाहेरचं अख्खं आभाळ माशाला डोक्यावरच्या एका गोल खिडकीत, सुमारे 97 अंशांच्या शंकूत, गोळा झालेलं दिसतं. पाण्यालगतच्या ठेंगण्या वस्तू या खिडकीच्या कडेला दाबल्या जाऊन चपट्या होतात. बसलेला माणूस थोडा दूर असला की त्या कडेतच विरतो. उभा माणूस कडेवरून आत, उजेडात येतो. ज्या उंचीमुळे आपल्याला जास्त दिसतं, तीच उंची आपल्याला दाखवूनही देते. आमचा वाटाड्या स्वतः फळीवर उभा राहून मागे, लांब थांबला होता. तो लांबून हेरायचा आणि आम्हाला बसल्या बसल्या पुढे धाडायचा. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटली.

आता आवाजाचं. हवेत आवाज सेकंदाला 340 मीटरच्या आसपास जातो, पाण्यात सुमारे 1500 मीटर. शिवाय पाण्यात तो हवेच्या मानाने फार दूरवर टिकतो. इंजिनाचा पंखा जोरात फिरला की त्याच्या पात्यांमागे दाब एकदम घटतो, पाण्यात बारीक बुडबुडे होतात आणि लगेच फुटतात. मोटरबोटीच्या आवाजात या फुटण्याचा वाटा मोठा असतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्याला हंपबॅक डॉल्फिन राहतात, पाठीवर कुबडासारखा उंचवटा असलेले. ते उथळ पाण्यातले, किनारा धरून राहणारे, म्हणजे पर्यटकांच्या बोटी फिरतात नेमक्या त्याच पट्ट्यातले. जगभरात या जातीची गणना संकटग्रस्तांत होते. गढूळ पाण्यात ते आवाज सोडून, त्याच्या प्रतिध्वनीवरून मासा शोधतात आणि शिट्ट्या घालून एकमेकांना धरून राहतात. आपण पूजेच्या मंडपात भोंग्याशेजारी बसून बोलायचा प्रयत्न करतो तेव्हा जे होतं, तेच बोटींच्या गराड्यात त्यांचं होतं. वल्ह्याची होडी एवढं तरी वाचवते.

इथवर ऐकून कोणालाही वाटेल की आवाज नाही म्हणजे त्रास नाही. मलाही तसंच वाटलं होतं, आणि ते चूक आहे. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यांवर खडकांवर पहुडलेल्या सीलची निरीक्षणं झाली, तेव्हा काही ठिकाणी मोटरबोटीपेक्षा कयाक पाहूनच सील जास्त बिचकून पाण्यात पडले. मोटरबोट लांबूनच ऐकू येते, बहुधा सरळ निघून जाते आणि सीलला तिचा अंदाज घेता येतो. कयाक काठाकाठाने, खडकांच्या आडून, गुपचूप येते आणि अचानक समोर उभी ठाकते. शिकारी प्राणीही असाच येतो. मुळात ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांनी ही होडी घडवली ती सीलच्याच शिकारीसाठी, हाडा-लाकडाच्या सांगाड्यावर कातडं ताणून. आमचा डोंगाही मासे धरण्यासाठीच कोरला गेला. मुक्याने जवळ जाता येणं हे या दोन्ही होड्यांचं मूळ काम आहे, हे विसरून चालणार नाही.

म्हणून वेगाला आणि दिशेला महत्त्व येतं. ऑस्ट्रेलियातल्या मोरेटन उपसागरात हिरव्या कासवांवर एक साधा प्रयोग झाला, तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. बोट ताशी 4 किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीने, नेली तेव्हा 60 टक्के कासवं वेळेत बाजूला झाली. ताशी 19 किलोमीटरला फक्त 4 टक्के. कासवं मुख्यतः डोळ्यांवर भिस्त ठेवून बोट ओळखतात आणि वेगवान बोट त्यांना दिसेपर्यंत अंगावर आलेली असते. वल्ह्याची होडी मुळातच चालीच्या वेगाने जाते. ती कासवाला विचार करायला वेळ देते.

स्वित्झर्लंडचे प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी गेल्या शतकात एक कल्पना मांडली: प्रत्येक रानटी प्राण्याभोवती एक अदृश्य अंतर असतं, शत्रू त्याच्या आत आला की प्राणी पळतो. पण पळण्याआधी बरंच काही घडून गेलेलं असतं. खाणं थांबतं, मान वर होते, पिल्लं जवळ ओढली जातात. चांगला वाटाड्या पळण्याकडे बघत नाही, या वर झालेल्या मानेकडे बघतो. मान वर झाली की थांबायचं, पुन्हा खाली गेली तरच पुढे. अमेरिकेत सरकारी सूचना मोठ्या देवमाशांपासून 100 यार्ड, म्हणजे सुमारे 91 मीटर, आणि डॉल्फिन, सील, कासवं यांच्यापासून निदान 50 यार्ड दूर राहायला सांगतात. आकडा लक्षात ठेवायला बरा, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे प्राण्याची जायची वाट कधीच अडवायची नाही. कळपाला चारी बाजूंनी होड्यांनी घेरलं तर अंतर कितीही असो, तो कोंडला जातो. कासवाला तर श्वासासाठी वर यावंच लागतं. तिथे होडी डोक्यावर थांबून राहिली की ते अर्ध्या श्वासावर परत बुडी मारतं.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बाया स्वतः वल्हं मारून लोकांना कांदळवन दाखवतात. आमच्याकडेही बचत गट आहेत, ढिवर आहेत, डोंगे आहेत. आणि पाणी तर किती! मुख्यतः कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून हजारोंनी आहेत. समुद्र नाही, पण कर्लीच्या खाडीकाठी ज्या पाणमांजराची वाटाड्याने विष्ठा दाखवली, खवल्यांनी भरलेली, त्याच जातीचं पाणमांजर आमच्या नवेगाव-नागझिऱ्यातही आहे. खारं पाणी असो की गोडं, त्याला मासे आणि दडायला काठ हवा.

परतल्यावर पोरांनी तलावात फेऱ्या सुरू करायचं मनावर घेतलं. कोणी म्हणालं, इंजिन लावू, माणसं जास्त नेता येतील. मी हट्टाने नको म्हटलं, आणि ढिवर काकाही तेच म्हणाले. आता ते सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांनी पोरांना तीन दिवस डोंग्यात बसवून शिकवलं: पाखरांकडे सरळ तोंड करून जायचं नाही, बाजूने तिरपं जायचं, बांबू पाण्यातून वर काढायचा नाही, पाण्यातल्या पाण्यात सरकवायचा. पट्टकादंब ही हंसासारखी पाखरं हिमालय ओलांडून येतात. इथे हिवाळ्यात चरून त्यांना परतीची चरबी साठवायची असते. पंख मारत उडायला बसून राहण्याच्या कित्येक पट ताकद लागते, तेव्हा एका सकाळी त्यांना तीनदा उठवलं तर ते चरणार कधी? उत्तरेकडची शिंगाड्याची पट्टी म्हणून सोडूनच दिली आहे.

अडचण आली ती एका खुंटावरून. तलावाच्या मधोमध बुडालेल्या झाडाचा खुंट आहे आणि त्यावर सकाळी तिरंदाज नावाचा पक्षी पंख पसरून बसतो. या पक्ष्याची पिसं बदकासारखी पाणी झटकत नाहीत, भिजतात, त्यामुळे तो सहज बुडी मारतो. पण मग त्याला उन्हात वाळावं लागतं. ओल्या पंखांनी उठवलं तर जड अंगाने धडपडत उडतो. आणि फोटोसाठी तोच खुंट सगळ्यांना हवा होता. दोन संध्याकाळी पारावर त्याच्यावरून वाद झाला. शेवटी वाट दक्षिणेकडून, बेशरमाच्या झुडपांच्या आडून काढली. फेरी दहा मिनिटांनी लांबली आहे, आणि आडोसा संपतो तिथून तिरंदाज दिसतो, लांब, पंख पसरलेला. पोरं तिथे डोंगा थांबवतात आणि माणसांना आधी खाली बसायला सांगतात.