साइडकार जोडली की हँडल जड का होतं?

मोटरसायकलला साइडकार जोडून पहिल्यांदा रस्त्यावर आलेल्या माणसाचे खांदे तासाभरात भरून येतात. गाडी तीच, टायर तेच, मग हँडल एवढं जड कशानं झालं? वजन वाढलं, हे खरं. पण ते अर्धंच कारण. उरलेलं अर्धं पुढच्या फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, भूमितीत आहे आणि ते बदलता येतं.

सोलो, म्हणजे साइडकार नसलेली, गाडी आपण कलवून वळवतो. उजवीकडे जायचं तर उजवं हँडल अलगद पुढे ढकलायचं. गाडी उजवीकडे कलते आणि वळते. साइडकार लावली की हे कलणंच बंद. हँडल खरोखर वळवावं लागतं आणि वळण संपेपर्यंत जोर लावून तसंच धरावं लागतं. तिथे आपली गाठ ट्रेलशी पडते.

ट्रेल म्हणजे काय, ते घरच्या घरी पाहता येतं. गाडी सरळ उभी करा. हँडल ज्या तिरक्या अक्षाभोवती फिरतं, त्या कोनसेटमधून (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमधून) जाणाऱ्या रेषेत एक लांब काठी धरा आणि ती जमिनीला टेकते तिथे खडूनं खूण करा. मग पुढच्या ॲक्सलवरून ओळंबा सोडा आणि दुसरी खूण करा. दुसरी खूण पहिलीच्या मागे पडते. हे अंतर म्हणजे ट्रेल. रस्त्यावर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांत ते ९० ते ११० मिलिमीटर असतं. दवाखान्यातल्या स्ट्रेचरचं चाक ढकलल्यावर आपोआप सरळ होतं, तसंच या अंतरामुळे पुढचं चाकही सरळ होऊ पाहतं. सोलो गाडीचा तोल सांभाळायला त्याची मोठी मदत होते.

साइडकारवाल्याला मात्र हेच सरळ होणं हातानं थोपवावं लागतं. ढोबळ हिशोब करू. वळणावर पुढच्या टायरवर बाजूनं ५०० न्यूटन बल येतंय आणि ट्रेल १०० मिलिमीटर आहे असं समजा. हँडल ७० सेंटिमीटर रुंद असेल, तर प्रत्येक हाताला सुमारे ७ किलोचा जोर सतत लावावा लागतो. ट्रेल ५५ मिलिमीटरवर आणला की तोच जोर ४ किलोच्या आसपास येतो. घाटात दिवसभर वळणं घेणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे. तिसरं चाक गाडीला उभं ठेवतंच, त्यामुळे ट्रेल कमी केला तरी चालतं.

करायचं एवढंच, की ॲक्सल काही सेंटिमीटर पुढे न्यायचा. याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण बीएमडब्ल्यूचं. अर्नेस्ट अर्ल्स या ब्रिटिश अभियंत्याच्या नावानं ओळखला जाणारा फोर्क या कंपनीनं १९५५ ते १९६९ या काळात आर ५०, आर ६० अशा गाड्यांना बसवला. त्यात चाक एका आडव्या दांड्याच्या पुढच्या टोकाला असतं आणि दांड्याची बिजागरी चाकाच्या मागे. बिजागरीसाठी दोन जागा ठेवलेल्या: मागची सोलोसाठी, पुढची साइडकारसाठी. बोल्ट काढून दांडा पुढच्या भोकात बसवला की ॲक्सल पुढे आणि ट्रेल कमी! ग्राहक उद्या साइडकार लावेल, हा विचार कारखान्यातच झालेला होता. मूळच्या रशियन उराल गाड्यांनाही आज याच जातीचा, पुढे झुकलेल्या दांड्याचा फोर्क असतो.

साध्या टेलिस्कोपिक (एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या) फोर्कच्या गाडीत हेच काम टी, म्हणजे फोर्कच्या दोन्ही नळ्या हँडलच्या दांड्याला (स्टेमला) जोडणारा भाग, बदलून करतात. नळ्या स्टेमपासून आणखी ४० मिलिमीटर पुढे धरणारी टी बसवली, तर ट्रेल साधारण ४४ मिलिमीटरनं कमी होतो. हे स्वस्तात होतं, पण टेलिस्कोपिक नळ्या बाजूच्या जोरानं वाकतात आणि अडकत सरकतात. जड साइडकार कायमची ठेवायची असेल, तर दांड्याचाच फोर्क घ्यावा असं माझं ठाम मत आहे. टी वेल्डिंग करून लांबवणं मात्र कुणीही करू नये. तो जोड तुटला तर पुढचं चाकच हाताबाहेर जातं. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२मुळे गाडीच्या नोंदणीतल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. आरटीओत आधी विचारून घ्यावं.

कामाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट नीट ओळखा. हँडल जड असणं वेगळं आणि ते एका बाजूला ओढणं वेगळं. आपल्याकडे साइडकार डावीकडे असते, त्यामुळे ॲक्सिलरेटर दिल्यावर गाडी थोडी डावीकडे जाते, आणि साइडकारच्या चाकाला ब्रेक नसेल तर ब्रेक मारल्यावर उजवीकडे. हा ओढा सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगातही राहत असेल, तर साइडकारच्या चाकाची दिशा आणि गाडीचा कल तपासा. फोर्क बदलून तो जाणार नाही.

कमी ट्रेलची किंमतही मोजावी लागते. ताशी ३० किलोमीटरच्या आसपास, विशेषतः वेग उतरताना, हँडल डावी-उजवीकडे थरथरू लागतं. म्हणून ही थरथर दाबणारा स्टिअरिंग डॅम्पर लावतात. त्या काळच्या बीएमडब्ल्यूंवर हँडलच्या मधोमध तो हातानं पिळून घट्ट करायची सोय होती. डॅम्पर लावूनही थरथर थांबली नाही, तर कोनसेट ढिला आहे का, टायरमध्ये हवा कमी आहे का आणि चाकाचा बॅलन्स बरोबर आहे का, ते आधी पाहा.