जन्मदाखला नसला तर शाळा नाही?

'फुटपाथवरच्या मुलांना शाळेत घेतच नाहीत. ना जन्मदाखला, ना पत्ता.' हा समज जुना आहे, आणि तो उगाच पसरलेला नाही. काही शाळांत आजही आधी कागदच मागतात.

कायदा मात्र वेगळं सांगतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 14 काढून वाचा, दोनच ओळी आहेत: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मग वय ठरवायचं कसं? अंगणवाडीच्या वहीतली नोंद चालते. तीही नसेल तर आईबापांनी लिहून दिलेलं वय चालतं. पुलाखाली गजरे ओवणाऱ्या आईला सही येत नसेल, तर अंगठा.

पत्त्याचं काय? कलम 9 स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देण्याची जबाबदारी थेट स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे पालिका किंवा जिल्हा परिषदेवर टाकतं. जून उलटून गेला तरी दार बंद होत नाही, ते कलम 15 मध्ये आहे.

हे सगळं 6 ते 14 वयासाठी. त्याहून लहानग्यांसाठी अंगणवाडी.

कोणी नकार दिलाच, तर कारण लेखी मागा. बहुतेकदा तिथेच सूर बदलतो.