कॉफीवरील किडींसाठी वनस्पतिजन्य कीटकनाशके

कॉफीच्या झाडांवरील किडींना आळा घालण्यासाठी कडुनिंब, करंज, पायरेथ्रम (एक शेवंतीवर्गीय फुलझाड) अशा वनस्पतींचे अर्क, तेले व पूड वापरण्याची पद्धत. भारतात कॉफीचे मळे मुख्यतः कर्नाटकातील कोडगू, चिक्कमगळूरु व हासन, केरळातील वायनाड आणि तमिळनाडूतील निलगिरी या भागांत आहेत. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याला थोडीफार कॉफी होते.

फवारा कशाचा आहे यापेक्षा फवारणीच्या वेळी कीड नेमकी कुठे आहे, हे अधिक महत्त्वाचे. पिठ्या ढेकूण आणि हिरवी खवले कीड कोवळ्या फांद्यांवर, पानांच्या शिरांवर व फळांच्या घोसांत उघड्यावर बसून रस शोषतात. त्यांच्यावर निंबोळीचा व तेलाचा चांगला परिणाम होतो. फळ पोखरणारा भुंगेरा मात्र बीच्या आत वाढतो, तर पांढरा खोडकिडा लाकडाच्या आत. आत शिरलेल्या किडीपर्यंत यांपैकी कोणताही फवारा पोहोचत नाही, आणि ‘औषध लागू पडले नाही’ ही तक्रार बहुधा इथूनच सुरू होते.

मळ्यावर तयार करता येण्याजोगा सर्वांत भरवशाचा फवारा म्हणजे 5 टक्के निंबोळी अर्क. 200 लिटरच्या बॅरलला 10 किलो निंबोळीचा गर लागतो. टरफलासकट बी असेल तर जवळपास दुप्पट घ्यावे, कारण वाळलेल्या बियांत गर साधारण निम्माच भरतो. बिया धुऊन सावलीत वाळवलेल्या हव्यात. ढिगात तापलेल्या, बुरशी आलेल्या किंवा 8-10 महिन्यांहून जुन्या बियांत ॲझाडिरॅक्टिन हे मुख्य द्रव्य फार कमी उरते. कोडगूसारख्या अतिपावसाच्या डोंगराळ मुलखात कडुनिंब फारसा वाढत नाही, बी कोरड्या भागातून विकत आणावे लागते. म्हणून खरेदीच्या वेळीच मूठभर बिया फोडून आतला गर हिरवट व ताजा आहे का, हे पाहणे सगळ्यात फायद्याचे. काळवंडलेला गर घेऊ नये.

गर जाडसर कुटतात. फार बारीक केला तर तेल सुटून लगदा होतो आणि गाळताना फडके चोंदते. पूड फडक्यात सैल बांधून 20 लिटर पाण्यात रात्रभर भिजवतात. सकाळी ही पुरचुंडी त्याच पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवून पिळतात, ती दुधाळ पाणी सोडायची थांबेपर्यंत. मग अर्क गाळून, वेगळ्या पाण्यात विरघळवलेला 400 ग्रॅम साधा साबण त्यात घालतात आणि बॅरल पाण्याने भरतात. साबणाशिवाय फवारा कॉफीच्या तुकतुकीत पानांवरून ओघळून जातो. अर्क त्याच दिवशी संपवावा आणि फवारणी संध्याकाळी करावी, कारण उन्हातील अतिनील किरणांनी ॲझाडिरॅक्टिन लवकर नष्ट होते. चुन्यामुळे आम्लारी झालेल्या द्रावणातही तेच घडते. तांबेरा या बुरशीरोगासाठी कॉफीवर बोर्डो मिश्रण (मोरचूद व चुना) मारतात, त्या टाकीत निंबोळी अर्क कधीही मिसळू नये.

पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाची भुकटी असल्याने नुसता पाण्यातला अर्क त्याला नीट भिजवत नाही. तिथे 1 टक्का निंबोळी तेल किंवा करंज तेल उपयोगी पडते: बॅरलला 2 लिटर. तेल व साबणाचे द्रावण आधी बादलीत एकजीव करून मगच हळूहळू पाणी वाढवावे. पृष्ठभागावर तेलाचे थेंब तरंगू लागले तर मिश्रण फसले. ते तसेच फवारल्यास कुठे नुसते पाणी पडते, तर कुठे दाट तेलाने पाने करपतात. नोझल घोसांच्या बेचक्यांत आणि पानांच्या खालून फिरवावे लागते. ॲझाडिरॅक्टिन किडीला तत्काळ मारत नाही: तिचे खाणे मंदावते, कात टाकणे बिघडते, आणि फरक दिसायला काही दिवस जातात. दुसऱ्या दिवशी किडी जिवंत दिसल्या म्हणून फवारणी दुहेरी करण्याचे कारण नाही. मुंग्या मात्र आधी आवराव्या लागतात. चिकट गोड स्रावासाठी त्या या किडींना परजीवी कीटकांपासून जपतात.

1898 साली हिरव्या खवले किडीसाठी भारतात आणलेला क्रिप्टोलीमस हा भुंगेरा पिठ्या ढेकूण खातो. त्याच्या अळ्याही पांढऱ्या, मेणाच्या तंतूंनी झाकलेल्या असतात आणि फवारणी करणारे त्यांना पिठ्या ढेकूणच समजतात. अळी ढेकणापेक्षा मोठी व चपळ असते. अशा अळ्या असलेल्या झाडांवर तेल-साबण मारू नये.

फळ पोखरणारा भुंगेरा भारतात प्रथम 1990 मध्ये निलगिरीतील गुडलूर भागात आढळला. जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची मादी फळाच्या टोकाला भोक पाडून आत अंडी घालते. निंबोळीचा फवारा तिला फळापासून परावृत्त करण्यापुरताच, म्हणजे बी टणक होऊ लागण्याच्या सुमारास, फुलोऱ्यानंतर साधारण 4-5 महिन्यांनी उपयोगाचा. नेमका तेव्हा पावसाळा असतो आणि एका सरीने फवारा धुऊन जातो. म्हणून या किडीसाठी झाडावर राहिलेली व खाली सांडलेली फळे वेचणे, किडलेली फळे उकळत्या पाण्यात 2-3 मिनिटे बुडवणे हेच मुख्य काम, फवारा जोडीला.

पांढरा खोडकिडा अरेबिका या कॉफीच्या जातीचा शत्रू. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-डिसेंबर या उड्डाणकाळांत, म्हणजे प्रौढ भुंगेरे बाहेर पडून उडतात तेव्हा, मादी सालीच्या भेगांत अंडी घालते. सैल साल काथ्याने हलकेच घासून खोड व जाड फांद्या निंबोळी अर्काने भिजवल्यास अंडी घालण्याला अटकाव होतो. पोखरलेले झाड मुळासकट उपटून जाळावे लागते.

तंबाखूचा काढा परिणामकारक असला तरी टाळलेलाच बरा. निकोटीन कातडीतून शरीरात जाते आणि निकोटीन सल्फेटच्या वापरावर भारतात बंदी आहे. दशपर्णी अर्काची (दहा वनस्पतींच्या पाल्याचा अर्क) ताकद दर खेपेला वेगळी निघते, त्यामुळे त्याचे प्रमाण सांगता येत नाही.

पूर्व आफ्रिकेत पायरेथ्रमला महत्त्व आहे. केनिया व रुवांडात पिकणाऱ्या या शेवंतीवर्गीय फुलांची पूड किंवा अर्क अँटेस्टिया ढेकणावर वापरतात. या ढेकणाने टोचलेल्या फळांतून कॉफीला कच्च्या बटाट्यासारखा वास येण्याचा दोष तिकडे आढळतो. पायरेथ्रमने कीड लगेच खाली पडते, पण उन्हात ते थोड्याच वेळात निकामी होते. त्यामुळे आगाऊ फवारून ठेवण्यात अर्थ नसतो. झाड हलवून ढेकूण मोजावेत आणि ते दिसले तरच फवारावे.