१२०, ४/४ आणि सी मेजर : नव्या प्रोजेक्टमधील तीन नोंदींची पार्श्वभूमी

गॅरेजबँडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये नवा प्रोजेक्ट उघडला की लय १२० (मिनिटाला इतके ठोके), तालचिन्ह ४/४ (एका खंडात, म्हणजे बारमध्ये, चार ठोके) आणि पट्टी सी मेजर या तीन नोंदी आधीच भरलेल्या असतात. गंगाखेड किंवा पैठणच्या एखाद्या भजनी मंडळाचा अभंग घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रित करताना त्या तशाच राहू दिल्या, तर पखवाज आणि क्लिक (सॉफ्टवेअरची ठरावीक वेगाची टकटक) यांचे जमत नाही, आणि दोष मात्र वादकाला दिला जातो. हे आकडे कोठून आले, हे म्हणूनच पाहिले पाहिजे.

लयीच्या मोजमापाचा विचार मराठवाड्याला परका नाही. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, सिंघण यादवाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याच्या सात अध्यायांपैकी पाचवा संपूर्ण तालाला दिलेला असून त्यात १२० देशी तालांची लक्षणे आहेत. (हा १२० आणि सॉफ्टवेअरमधला १२० यांचा काही संबंध नाही.) पाच लघु अक्षरे उच्चारायला लागणारा काळ ही तेथे मात्रा मानली आहे, आणि द्रुत लयीच्या दुप्पट विश्रांतीची ती मध्य, मध्य लयीच्या दुप्पट ती विलंबित, असे लयींचे नाते सांगितले आहे. मोजमाप माणसाच्या उच्चारावर आणि परस्परप्रमाणावर उभे होते. मिनिटाला किती मात्रा, हा प्रश्नच तेथे उद्भवत नव्हता.

तो प्रश्न युरोपात यंत्राने आणला. अ‍ॅमस्टरडॅममध्ये विंकेल याने १८१४ मध्ये लोलकाचे उपकरण तयार केले, आणि पुढच्याच वर्षी मेल्झेल याने त्यावर मोजपट्टी बसवून मेट्रोनोमचे, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणाऱ्या यंत्राचे, पेटंट घेतले. तालचिन्ह त्याहून कितीतरी जुने आहे : चौदाव्या शतकातील युरोपीय लेखनात त्रिमान (तीन-तीनची मोजणी) पूर्ण वर्तुळाने आणि द्विमान (दोन-दोनची) अर्धवर्तुळाने दाखवत, आणि ४/४ ऐवजी आजही लिहिले जाणारे सी-सारखे चिन्ह हे इंग्रजी अक्षर नसून त्याच अर्धवर्तुळाचा अवशेष आहे.

संगणकातील आकड्यांचे मूळ मात्र मिडी या डिजिटल वाद्यांच्या मानकात आहे. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी जोडता यावीत म्हणून हे मानक १९८३ मध्ये आले, आणि १९८८ मध्ये मिडी फाइलचे स्वरूप ठरले. या फाइलमध्ये लय ही एका चतुर्थांश स्वराला (४/४ मधील एका ठोक्याला) किती मायक्रोसेकंद, अशी लिहिली जाते. काहीच लिहिलेले नसेल तर ५,००,००० मायक्रोसेकंद, म्हणजेच मिनिटाला १२०, आणि तालचिन्ह ४/४ गृहीत धरावे, असा नियम आहे. पट्टीसाठी शार्प वा फ्लॅट (चढे वा उतरे स्वर) यांची संख्या आणि मेजर की मायनर, एवढीच जागा ठेवलेली आहे.

आपल्या संगीताची अडचण नेमकी या जागेत आहे. हार्मोनियमवाला गायकाला ‘काळी एक की पांढरी चार?’ असे विचारतो, तेव्हा तो फक्त षड्ज, म्हणजे ‘सा’ कोठे धरायचा ते, विचारत असतो. कोणते स्वर घ्यायचे, हे राग ठरवतो. सॉफ्टवेअरमधील नोंद या दोन्ही गोष्टी एकत्र बांधते, आणि तोडी किंवा मारवा हे राग मेजर-मायनरच्या कोणत्याही खान्यात बसत नाहीत. माझ्या मते तेथे केवळ षड्जाची पट्टी नोंदवावी, म्हणजे काळी एकसाठी सी शार्प. आधीच मुद्रित झालेला आवाज सहसा या नोंदीने बदलत नाही. तिचा परिणाम मुख्यतः तयार लूपवर (पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्यांवर) आणि स्वरलेखनावर होतो.

तालाचेही तसेच आहे. रूपकच्या ७ मात्रा ३-२-२ अशा विभागल्या आहेत, हे ७/४ सांगत नाही. शिवाय रूपकची सम (आवर्तनाची पहिली मात्रा) ‘खाली’ या बिनजोराच्या जागी असते, आणि क्लिक मात्र पहिल्याच मात्रेवर सर्वांत मोठा ठोका देते. ४/४ मध्ये त्रितालाचे एक आवर्तन चार खंडांत वाटले जाते, पण त्या चारांपैकी सम कोणती, हे क्लिकला ठाऊक नसते. ७/८ निवडले आणि सॉफ्टवेअर चतुर्थांश स्वर मोजत असेल, तर मात्रा त्याच्या निम्म्या स्वराची असल्याने १२० या आकड्यावर मिनिटाला २४० मात्रा पडतात. विलंबित एकतालात एक मात्रा पाच सेकंदांची असू शकते, म्हणजे मिनिटाला १२. एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये २० च्या खाली जाताच येत नाही, म्हणून मात्रेचे चार भाग करून ४८ लावावे लागतात.

अभंगात गजर चढत जातो तशी लयही चढते. अशा वेळी क्लिक बंद ठेवून पखवाज आणि टाळ मोकळेपणाने मुद्रित करावेत, आणि नंतर टेम्पो ट्रॅकवर (लयीतील बदल नोंदवण्याच्या पट्ट्यावर) प्रत्येक समेला खूण करून सॉफ्टवेअरचे खंड त्या खुणांना जुळवून घ्यावेत.