साहिवाललाही गोचीडताप होतो, मग ती वाचते कशी?

गेल्या उन्हाळ्यात शिरोळ तालुक्यातल्या एका गोठ्यात एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकराची, गोचीडताप झालेली कालवड बघितली. मान खाली, डोळ्यांत पाणी, ताप १०६. डॉक्टरांनी माझा हात तिच्या खांद्यापुढं ठेवला, तर कातडीखाली लिंबाएवढी गाठ लागली. कानाच्या मुळाशी गोचिडी डसलेल्या. गोठेमालक म्हणाले, "देशी असती तर हे झालंच नसतं." करवीरपासून गडहिंग्लजपर्यंत हेच ऐकायला मिळतं. पण देशी गाईच्या अंगातही गोचीडतापाचा परजीवी शिरतो. फरक पडतो तो शिरल्यानंतर.

थायलेरिया अ‍ॅन्युलाटा हा एकपेशीय परजीवी हायलोमा जातीच्या गोचिडीच्या लाळेतून जनावराच्या अंगात उतरतो आणि घुसतो तो नेमका भक्षकपेशीत, म्हणजे जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीतच. तिथं तो लपून बसत नाही, पेशीचा ताबाच घेतो. पेशीत एनएफ-कॅप्पा-बी नावाचं प्रथिन एरवी बांधून ठेवलेलं असतं. ते सुटलं की पेशीला 'मरू नको, जगत राहा' असा आदेश मिळतो. हा बंध सोडवणारी विकरं (एन्झाइम) परजीवी स्वतःच्या पृष्ठभागावर गोळा करतो, त्यामुळं आदेश थांबतच नाही. पेशी विभागायला लागली की गुणसूत्रं ओढणारे तंतू हा पकडतो आणि तिच्यासोबत स्वतःही दुभागतो. दोन्ही लेकपेशींत परजीवी हजर! सगळं कर्करोगासारखं, पण पेशीच्या जनुकांत कायमचा बदल होत नाही. ब्यूपार्व्हाक्वोन या औषधानं परजीवी मारला की पेशीचं वाढणं थांबतं. जीवशास्त्रात मला याहून थक्क करणारं फार थोडं माहीत आहे.

एडिनबराच्या शास्त्रज्ञांनी साहिवाल या देशी आणि होल्स्टीन या विदेशी जातीच्या वासरांना सारखाच संसर्ग दिला; निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. लागण दोन्हींत झाली. साहिवालचा ताप कमी चढला, रक्तातली दाहाची प्रथिनं कमी वाढली आणि ती वासरं औषधाशिवाय सावरली. होल्स्टीनची सावरली नाहीत. पुढं दिसलं की होल्स्टीनच्या संक्रमित पेशी टीजीएफ-बीटा-२ हा संदेशरेणू जास्त तयार करतात, आणि त्याच्या जोरावर ऊती भेदून शरीरभर पसरतात. साहिवालच्या पेशींना हाच रेणू बाहेरून दिला, तर त्याही आक्रमक होतात. म्हणजे जनुकांनी दार बंद केलेलं नाही, आत आलेल्याचा धुमाकूळ आवरला आहे.

त्यामुळं 'देशी' एवढ्या शिक्क्यावर भरवसा ठेवू नका. हा प्रयोग साहिवालवर झाला, आपल्या खिल्लारवर नाही. जनावर गाभण करताना दुधासोबत हा गुणही बघून वळू निवडता आला, तर आपल्या संकरित गोठ्यांचं मोठं नुकसान टळेल. तोवर गोठ्याच्या भिंतींच्या भेगा बुजवा, गोचिडी तिथंच दडतात. भारतात वापरली जाणारी लसही संक्रमित पेशींचीच आहे: प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढवून त्यांची पसरण्याची ताकद घालवलेली असते.

त्या कालवडीच्या गाठीवर तापल्या सळईचा ताजा डाग होता. आजार बाहेर पडावा म्हणून कुणीतरी दिलेला. परजीवी पेशीच्या आत, डाग कातडीवर. मधल्या मध्ये जनावराला नुसती जखम, आणि उपचाराचे दोन दिवस वाया. डॉक्टरांनी लगेच ब्यूपार्व्हाक्वोन टोचलं. चौथ्या दिवशी तिनं वैरणीला तोंड लावलं. गाठ उतरली, डाग मात्र अजून चिघळतोय.