गुडघा दुखतोय म्हणून बसून राहायचं?

"गुडघ्यातलं वंगण संपलं, आता चालाल तेवढा गुडघा झिजेल" हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. दुखत असताना तो पटणं साहजिक आहे. पण गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, रक्तवाहिन्या नसतात. हालचालीने सांध्यातला द्रव तिच्यात आत-बाहेर होतो, त्यातूनच तिला पोषण मिळतं. शिवाय दुखणं आणि सूज यांमुळे मांडीच्या पुढच्या स्नायूला पोचणारा मज्जातंतूंचा संदेशच मंदावतो. त्यात बसून राहिलं की स्नायू आणखी बारीक होतो, तोल सावरायला उशीर लागतो. म्हणून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढण्यापेक्षा उतरताना गुडघा दगा देतो. पावसाळ्यात तिथल्या जांभ्या दगडावर शेवाळ असतं, तेव्हा तर फारच जपायला हवं.

एकच गुडघा दुखत असेल, तर वाटीच्या वीतभर वर दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजा. दुखऱ्या बाजूचा बरेचदा कमी भरतो. मांडीची ताकद अजमावायला हात न टेकता खुर्चीतून उठूनही पाहा.

सपाट अंगणात सोसेल तेवढं चाला. खुर्चीत बसून पाय सरळ करा, मांडी आवळून क्षणभर धरा. सांधा लाल-गरम झाला, ताप आला किंवा पडल्यावर पाय टेकवत नसेल, तर मात्र आधी डॉक्टरांकडे जा.