जुन्या शहरातले घर उतरवण्याआधी हे वाचा

गुलमंडी, सिटी चौक, शहागंज, बेगमपुरा, पहाडसिंगपुरा. छत्रपती संभाजीनगरच्या या जुन्या वस्त्यांत ज्यांचे घर आहे आणि ते दुरुस्त करायचे किंवा नव्याने बांधायचे मनात आहे, त्यांच्यासाठी हे पत्रक. नकाशे तयार करणे आणि बांधकाम परवानगीची कामे करणे हा आमचा व्यवसाय आहे. सर्वात महत्त्वाची गोष्ट पहिल्यांदा सांगतो: परवानगीचा कागद हातात पडेपर्यंत जुन्या घराची एक भिंतही उतरवू नका.

बीबी का मकबऱ्यासारख्या केंद्र संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरचा पट्टा प्रतिबंधित असतो आणि त्यापुढचा 200 मीटरचा पट्टा नियंत्रित. म्हणजे एकूण 300 मीटर. 1958 च्या प्राचीन स्मारके कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीने हे पक्के झाले. प्रतिबंधित पट्ट्यात नवे बांधकाम होत नाही. जुने पाडून तेवढेच पुन्हा उभे करणेही चालत नाही. मुभा आहे ती फक्त दुरुस्ती आणि नूतनीकरणाला, आणि तीही 16 जून 1992 पूर्वी उभ्या असलेल्या किंवा त्यानंतर पुरातत्त्व खात्याच्या मंजुरीने बांधलेल्या घरालाच. घरच उतरवून टाकले, तर दुरुस्ती कशाची मागणार?

आमच्याकडे एक कुटुंब आले होते. माळवद गळत होते, मृग तोंडावर आला होता. मिस्त्री म्हणाला, दोन खण काढून टाकू, स्लॅब टाकू, महिन्यात काम होईल. त्यांनी खण काढले आणि मग परवानगीचे विचारायला आले. सागवानी खांब अंगणात रचून ठेवले होते, पांढऱ्या मातीचा ढीग ताडपत्रीखाली होता. तो ढीग आजही डोळ्यांसमोर आहे. ते आधी आले असते, तर त्याच खांबांवर माळवद नीट बसवण्याची परवानगी आम्ही मागू शकलो असतो.

अंतर मोजताना पुष्कळांची गफलत होते. ते घुमटापासून मोजत नाहीत, संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून मोजतात. मकबऱ्याचे आवार केवढे आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा पावले टाकून अंदाज बांधू नका. आम्ही जागेचे अक्षांश-रेखांश घेऊन अंतर काढतो आणि घर कोणत्या पट्ट्यात येते ते लेखी देतो.

‘दुरुस्ती’ या शब्दानेही घोळ होतो. महापालिकेच्या लेखी रंगसफेदी, गिलावा, फरशी बदलणे अशा किरकोळ कामांना नकाशा मंजूर करून घ्यावा लागत नाही. पण स्मारकाच्या पट्ट्यात दुरुस्तीलाही सक्षम प्राधिकाऱ्याची, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याची, परवानगी लागते. ‘पालिकेत विचारले, गरज नाही म्हणाले’ हे वाक्य आम्ही वरचेवर ऐकतो. पालिकेने सांगितलेले बरोबर असते, फक्त ते पालिकेपुरते असते. प्रतिबंधित पट्ट्यात विनापरवाना बांधकाम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

नियंत्रित पट्ट्यात नवे घर बांधता येते, पण त्यासाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची शिफारस लागते. कायद्यातल्या मुदती अशा: सक्षम प्राधिकाऱ्याने 15 दिवसांत अर्ज पुढे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत शिफारस द्यायची, त्यानंतर महिनाभरात निर्णय. प्रत्यक्षात त्रुटी निघाली की कागद परत येतो आणि दिवस वाढतात. म्हणून दिवाळी झाली की अर्ज टाका, पावसाळ्याआधी काम उरकण्याची आशा धरता येते. आणखी एक, उंची धरताना जिन्याची खोली, कठडा आणि गच्चीवरची पाण्याची टाकीही मोजतात. नकाशात टाकी दाखवायची राहिली की पुढे तीच अडचण होते.

स्मारकाच्या पट्ट्यासाठीची ही परवानगी मिळाली म्हणजे सगळे झाले असे नाही. महापालिकेची परवानगी वेगळी. ती 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार मिळते आणि त्यात दाट वस्तीसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. घर वारसा यादीतले असेल, तर वारसा समितीकडेही जावे लागते. गल्ली विकास योजनेत रुंद होणार असेल, तर पुढची काही जागा सोडावी लागेल. हे सगळे नकाशा काढण्याआधी पाहायचे, नंतर नव्हे.

खरा वेळ जातो तो कागदांत. मालमत्ता पत्रकावर अजून आजोबांचेच नाव, चार काका, दोन आत्या, त्यातली एक पुण्याला. वारस नोंद होऊन सगळ्यांच्या सह्या आल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. बहिणींच्या सह्या आधी घ्या, भावांच्या नंतर घेतल्या तरी चालतील, कारण विसर बहिणींचाच पडतो. निजामकाळातले दस्त उर्दूत असतील तर त्यांचे अधिकृत भाषांतर करून घ्या; वाचता येत नाही म्हणून ते रद्दीत घालू नका. 1992 आधीचे घर सिद्ध करायला जुनी घरपट्टीची पावती, विजेचे बिल, मंजूर नकाशा, खरेदीखत, जे असेल ते आणा. एका ताईंनी घराच्या चौकात काढलेला आपल्या लग्नाचा फोटो आणला होता. मांडवामागे तीच सागवानी तुळई, तीच देवळी स्पष्ट दिसत होती. एकटा फोटो पुरला नसता, पण पावत्यांच्या जोडीला तो फार उपयोगी पडला.

पाया खोदताना भाजक्या मातीचा खापरी नळ किंवा चुन्यात बांधलेली मोरी लागली, तर काम तिथेच थांबवा आणि आम्हाला फोन करा. मलिक अंबरने सतराव्या शतकात आणलेल्या नहरीच्या, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या कालव्याच्या, शाखा या शहराच्या पोटात आहेत. पहार घालून नळ फोडला की तो पुन्हा जोडता येत नाही, आणि ते पाणी आपल्या पूर्वजांनी प्यायलेले आहे.

पहिल्या भेटीला मालमत्ता पत्रक, घरपट्टीची चालू पावती आणि घराचे चारही बाजूंचे फोटो आणा. मोबाइलवर काढलेले चालतील. अंतर आणि पट्टा तपासून देण्याचे आम्ही काही घेत नाही. मिस्त्रीला बयाणा मात्र त्यानंतरच द्या.